गायकाच्या भेटीची वहिवाट

कापणी-मळणी उरकून धान घरात आले, मालगुजारीच्या अमदानीत बांधलेल्या तलावांकडे पाण्यासाठी वरचेवर पाहण्याचे दिवस सरले आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया भरू लागल्या, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा माणूस गाणे ऐकण्यासाठी घराबाहेर पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा निराळा झाला आणि दफ्तरांची वाटणी झाली. परंतु ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या अलीकडच्या आणि वडसा, आरमोरी, कुरखेडा या पलीकडच्या तालुक्यांतील रसिकतेची वाटणी कोणालाही करता आली नाही. भंडारा-गोंदियापासून इथपर्यंत पसरलेल्या या वनप्रदेशाला लोक झाडीपट्टी म्हणतात, आणि तिच्या दक्षिणेस व पूर्वेस, जिथे भातशेती विरळ होऊन अरण्य दाट होते, तिथे माडिया आणि गोंड यांचा मुलूख लागतो. या दोन्ही मुलुखांत एक गोष्ट समान आहे, आणि ती मला आपल्या नागर संगीतजीवनाहून मूलतः भिन्न वाटते: इथे गायकाला केवळ ऐकून कोणी घरी परतत नाही, त्याला भेटावे लागते, आणि पुष्कळदा त्याच्या गाण्यावर नाचावेही लागते.

शहरातील मैफलीचा शिष्टाचार आपल्या अंगवळणी पडला आहे. ठरलेल्या आसनावर बसावे, योग्य जागी मान डोलवावी, शेवटी टाळ्या वाजवाव्यात. तोवर गायक मागच्या दाराने निघून गेलेला असतो, आणि ज्याच्या स्वरांनी आपली वर्षानुवर्षे सोबत केली त्याच्याशी दोन शब्द बोलण्याची इच्छा मनातच राहते. या अंतरातून कलेची एक प्रतिष्ठा निर्माण होते हे मी नाकारीत नाही. परंतु गायकाच्या भेटीची रीतसर वहिवाट जिथे समाजानेच घालून दिली आहे असेही प्रदेश या पृथ्वीवर आहेत. त्यांपैकी एक आपल्या सरहद्दीच्या अरण्यात आहे आणि दुसरा समुद्रापलीकडे, इथिओपियात. त्या देशाचे नाव आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. निजामशाहीचा कारभार सावरणारा आणि १६१० च्या सुमारास खडकी हे शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर मूळचा तिथलाच.

आधी झाडीपट्टीच्या नाटकांचे पाहू. गोंदिया ते बल्लारशाह या लोहमार्गावरचे वडसा, ज्याचे सरकारी नाव देसाईगंज, हे या रंगभूमीचे मुख्य ठाणे. नाट्यमंडळ्यांचे करारमदार तिथे होतात, नटनट्यांच्या तारखा तिथे ठरतात आणि तिथून निघालेल्या गाड्या रोज नव्या गावी मुक्काम करतात. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास उभा राहतो तो पहाटेपर्यंत चालतो. या नाटकाचा वंश दंडार, खडी गंमत, राधा अशा जुन्या लोकरंजनाशी जोडलेला आहे. दंडारीत स्त्रीवेष घेतलेला पुरुष नाचत असे, आणि खडी गंमतीत कलगी व तुरा या दोन पक्षांचे शाहीर एकमेकांना छंदोबद्ध प्रश्न टाकून अडवीत. त्या परंपरेतून जे नाटक निपजले त्याला गाण्याशिवाय पुढे सरकता येईना, आणि म्हणून ऑर्गन, तबला व ढोलक यांच्या साथीने नट स्वतःच्या गळ्याने गाईल ही अपेक्षा आजही प्रेक्षक सोडीत नाही. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आयुष्यभर या रंगभूमीवर लोकांना हसवणारा हा नट शेतकरीही आहे, ही गोष्ट मला त्या सन्मानाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण ज्याने रात्री सिंहासनावर बसून राजाची भूमिका केली तो दुसऱ्या दिवशी बांधावर दिसतो, आणि प्रेक्षकाला त्याच्याशी बोलताना मध्यस्थ लागत नाही.

मंडईच्या दिवसांत ज्या गावी नाटक असते त्या गावातील प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, मुलामुलींच्या सोयरिकींची बोलणी निघतात, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, आणि या सगळ्या लगबगीच्या शिरोभागी रात्रीचे नाटक असते. लहानपणापासून जिचे गाणे मी अशा मंडपांत थंडीने कुडकुडत ऐकले आणि जिच्या आवाजातील एका विशिष्ट करुण वळणाने माझ्या मनात कायमचे घर केले, त्या गायिका-अभिनेत्रीला भेटण्याचा योग मला पुष्कळ वर्षांनी ब्रह्मपुरीजवळच्या एका गावी आला. पहाट झाली होती. रंगपट म्हणजे शाळेची एक खोली होती. फळ्यावर आदल्या दिवशीचे गणित तसेच होते, आणि त्याखाली एका बाकावर बसून बाई तेलाचा बोळा गालांवरून फिरवीत होत्या. रंग उतरत होता तसतसे त्यांचे खरे वय दिसू लागले होते. दाराशी माझ्या आधीचे दहा-बारा जण उभे होते. त्यांत एक म्हातारी होती, तिने पदराच्या गाठीतून नोट काढून बाईंच्या हाती दिली आणि त्यांच्या कानशिलांवरून बोटे मोडली. माझी पाळी आली तेव्हा घोकून ठेवलेली स्तुतीची वाक्ये बाजूलाच राहिली, कारण बाईंनीच आधी विचारले, “कोन्या गावचे जी तुमी?” गावाचे नाव सांगताच त्यांनी तिथल्या तलावाची, तलावाच्या पाळीवरच्या देवळाची आणि तिथे झालेल्या एका जुन्या प्रयोगाची आठवण काढली. त्या प्रयोगाला मी होतो. मला जे गाणे आठवत होते ते त्यांनी तिथेच, बोळा हातात तसाच ठेवून, हलक्या आवाजात म्हणून दाखवले, आणि मग चहा आला. कीर्तिमान गायकाच्या सहवासाचे याहून सुंदर क्षण मला मोठ्या शहरांच्या नाट्यगृहांनी दिलेले नाहीत.

अलीकडे या नाटकांच्या मध्ये चित्रपटगीतांवरचे नाच घालण्याची चाल पडली आहे आणि तिच्याविषयी जाणकार नापसंती दर्शवितात. माझी तक्रार निराळी आहे: तो नाच प्रेक्षकांनी बसून पाहायचा असतो. नाच बसून पाहणे ही या मुलुखाची मूळ रीत नव्हे.

चंद्रपूर शहरातही भेटीची ही वहिवाट निराळ्या रूपात दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला दीक्षा दिली. त्या घटनेच्या स्मरणार्थ दर वर्षी ऑक्टोबरात जो अपार समुदाय लोटतो त्याला भीमगीतांचे गायक रात्रभर जागवतात. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी गावोगाव पायपीट करून जी गायनपरंपरा जनमानसात रुजवली तिच्यात श्रोता स्वस्थ राहत नाही. एखादी ओळ काळजाला भिडली की तो उठतो, गर्दीतून वाट काढीत व्यासपीठापर्यंत जातो, गायकाच्या हाती नोट ठेवतो, आणि गायक गाणे न थांबवता त्या दात्याचे नाव व गाव पुढच्या आलापापूर्वी घोषित करतो. बाहेरच्यास हा व्यवहार वाटेल; मी त्याला दाद देण्याची सर्वांत स्पष्ट भाषा समजतो. ज्याच्या पूर्वजांची नावे कोणी उच्चारली नाहीत, त्याचे नाव गायकाच्या मुखातून हजारोंच्या समुदायात उमटते, याचा अर्थ केवळ पैशाने मोजता येत नाही.

आता इथिओपियाकडे वळतो, कारण हाच देखावा तिथे हुबेहूब आढळतो. तिथे अझमारी नावाचे परंपरागत गायक असतात, आणि त्यांच्या हाती मासिंको हे एकाच तारेचे, गजाने वाजवायचे वाद्य असते. चौकोनी, कातड्याने मढवलेली पेटी आणि घोड्याच्या केसांची तार, एवढाच त्याचा सरंजाम. अदिस अबाबातील ज्या लहानशा गानगृहांत हे गायक बसतात तिथे ते एका जागी स्थिर राहत नाहीत. श्रोत्यांच्या रांगांमधून फिरता फिरता ते समोरच्या माणसाचे रूप, पोशाख, धंदा, सोबतची मंडळी यांवर तत्क्षणी पद्य रचतात. ते कधी स्तुतीचे असते, कधी बोचरे असते, आणि श्रोता प्रसन्न झाला की नोट गायकाच्या कपाळाला चिकटवतो. या रचनेत श्लेषाला फार मान आहे. वरवरच्या अर्थाला ते लोक मेण म्हणतात आणि आतल्या अर्थाला सोने. मेणाचा साचा वितळवून त्या जागी धातू ओतण्याच्या कारागिरीवरून ही कल्पना आली आहे, आणि गडचिरोलीच्या शेजारी बस्तरात घडवे लोक याच पद्धतीने मूर्ती ओतीत असल्यामुळे ती आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये.

तिथले आधुनिक संगीतही असेच मिसळणीतून घडले. पुढे सम्राट झालेल्या हैले सेलासी यांनी १९२४ साली जेरुसलेमहून चाळीस आर्मेनियन अनाथ मुले आणली, आणि त्यांच्या पितळी वाद्यवृंदापासून तिथल्या दरबारी व लष्करी बँडांची परंपरा बळावली. शाही अंगरक्षक दलाच्या बँडमधून तिलाहुन गेसेसे आणि महमूद अहमद यांच्यासारखे गायक पुढे आले. महमूद अहमद यांनी पोरवयात जोडे पुसण्याचे काम केले होते. नंतर ते ज्या नृत्यगृहात हरकाम्या होते तिथे हा बँड वाजवीत असे. एका रात्री नेहमीचे गायक आले नाहीत, तेव्हा त्यांनी गाण्याची परवानगी मागितली आणि तिथून त्यांचे आयुष्य पालटले. रोज ज्यांना दुरून ऐकायचे त्यांच्यातच जाऊन उभे राहण्याचे हे भाग्य जोडे पुसणाऱ्या पोराला लाभावे, हे मला त्या समाजाच्या संगीतवृत्तीचे द्योतक वाटते. जाझ आणि इथिओपियन स्वरपद्धती यांचा मेळ घालणारे मुलातु अस्तात्के यांचीही गोष्ट अशीच आहे. १९७३ साली अमेरिकेचे थोर वाद्यवृंदकार ड्यूक एलिंग्टन अदिस अबाबाला आले, तेव्हा आपल्या या आदर्शाच्या सहवासात राहण्याची आणि त्यांच्यासमवेत वाजवण्याची संधी त्यांना मिळाली. पुढच्याच वर्षी तिथे राज्यक्रांती झाली, लष्करी अंमल बसला आणि रात्रीच्या संचारबंदीने ती बहराची नृत्यगृहे मुकी करून टाकली. ती गाणी जगापुढे पुन्हा मोठ्या प्रमाणावर आली ती १९९७ पासून फ्रान्समध्ये निघू लागलेल्या एका ध्वनिमुद्रिकामालेमुळे.

आपल्या कानांना हे संगीत परके वाटत नाही याचे कारण स्वरांत आहे. त्यांच्या पद्धतीत पाच स्वरांचे चार मुख्य मेळ मानतात: तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये. तिझिताच्या एका रूपात सा, रे, ग, प, ध हे शुद्ध स्वर येतात, म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर. अंबासेलमध्ये कोमल रिषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत आहेत, ते गुणक्रीचे. बातीच्या एका प्रकारात कोमल गांधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद असे धानीचे स्वर सापडतात. स्वर तेच असले तरी चलन निराळे, त्यामुळे ओळखीचा चेहरा परदेशी पोशाखात भेटल्याचा आनंद मिळतो. आणि हे गाणे सुरू झाले की तिथला श्रोता उभा राहतो. एस्किस्ता या त्यांच्या नृत्यात पाय फारसे हलत नाहीत. खांदे, मान आणि छाती इतक्या वेगाने थरथरतात की शरीराचा वरचा भाग स्वतंत्र वाद्यासारखा ताल धरतो, आणि गायकही तोंडातील ओळ न सोडता नाचणाऱ्याच्या समोर येऊन त्याच्या खांद्यांना आपल्या खांद्यांनी उत्तर देतो. त्या देशाच्या उत्तर भागात, तिग्राईमध्ये, ढोलाच्या नादावर स्त्री-पुरुष वर्तुळाने फिरत नाचतात.

हे वर्तुळ आपल्या अरण्यातही आहे, आणि मासिंकोचे भावंडही आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला राजुरा-जिवतीकडच्या भागात, जो पूर्वी निजामाच्या अमलाखाली होता, राजगोंडांचे परंपरागत गायक म्हणजे परधान. त्यांच्या हातातील किकरी हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आहे, आणि गोंडांच्या कुळकथा, देवांच्या उत्पत्तीच्या कथा, वंशांचे हक्क आणि नाती यांचे सारे दस्तऐवज शतकानुशतके या गायकांच्या कंठात राहिले. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबादेतील राजगोंडांमध्ये राहून या जीवनाची जी नोंद केली ती आजही आधारभूत मानली जाते. परधानाचे आपल्या यजमान कुळाशी पिढीजात नाते असते. त्यामुळे इथे गायकाची भेट हा योगायोग नसून तो घरच्या कार्याचा भाग असतो. याच राजगोंडांत दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते. अंगाला राख फासून, खांद्यावर कातडे टाकून, मोरपिसांचा प्रचंड मुकुट घातलेले घुसाडी नर्तक एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि तिथले लोक त्यांचे पाहुण्यांप्रमाणे स्वागत करतात. आदिलाबादकडील मर्लवाईचे कनकराजू यांना या नृत्याच्या सेवेबद्दल २०२१ साली पद्मश्री देण्यात आली.

परंतु भेट आणि नृत्य यांतील सीमारेषा जिथे पूर्णपणे पुसली जाते ते म्हणजे गडचिरोलीतील रेला. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सागाच्या रानातून जातो, वाटेत हेमलकसा लागते, जिथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली, आणि पुढे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम येतो. या भागातील माडिया गावांत पंडुम म्हणजे सण असो की लग्न असो, रात्री रेला झाल्यावाचून ते पार पडत नाही. अशाच एका लग्नात मी पाहुणा होतो. माझ्या यजमानांनी मला वाटेतच सांगून ठेवले होते की, या पंचक्रोशीत जिचा गळा नामांकित आहे अशी एक प्रौढ बाई आज येणार आहे, आणि मी तिला ऐकण्यास अत्यंत उत्सुक होतो. मंडपात मी डोळ्यांनी गायिकेची जागा शोधू लागलो, तर तशी जागाच नव्हती. बायका खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. प्रत्येकीने शेजारणीच्या कमरेमागून हात नेऊन पलीकडच्या स्त्रीचा हात धरला, त्यामुळे ती रांग विणल्यासारखी झाली. रांगेतून कुठून तरी एक ओळ उठली, अर्ध्या रांगेने ती उचलली, उरलेल्या अर्ध्या रांगेने परत केली, आणि वर्तुळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूहळू सरकू लागले. पाऊल पुढे, पाऊल मागे, गुडघ्यात किंचित लवून पुन्हा पुढे. वाद्य नाही, केवळ तळव्यांचा जमिनीवरचा नाद आणि पैंजणांचा साद. ओळ उचलून देणारी तीच नामांकित बाई होती, हे मला बऱ्याच वेळाने कळले, कारण ती दुसऱ्या बायकांहून कशानेही निराळी दिसत नव्हती.

तिची भेट व्हावी अशी इच्छा मी यजमानांजवळ प्रकट केली. त्यांनी मला मनगटाला धरून पुरुषांच्या रांगेत उभे केले. माडियांची भाषा मला येत नाही, आणि त्या रात्री ती येण्याची गरजही पडली नाही. शेजारच्या तरुणाचा हात माझ्या पाठीमागे होता आणि पाऊल केव्हा पडायचे हे मला त्या हाताच्या दाबावरून समजत होते. डोळ्यांनी पाहून जे शिकता आले नसते ते पाठीला कळत होते. वर्तुळ फिरता फिरता पुरुषांची रांग बायकांच्या रांगेसमोर आली तेव्हा ती बाई माझ्यापुढे पाच हातांवर होती. तिने ओळ टाकली, आमच्या रांगेने ती परत केली, आणि त्या परत केलेल्या ओळीत माझाही आवाज होता. बाईंनी मान किंचित हलवून हसून पाहिले आणि पुढची ओळ घेतली. आमची ओळख झाली ती इतकीच. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती शेकोटीजवळ पाणी प्यायला बसली, तेव्हा मी जवळ जाऊन हात जोडले आणि तिने बाजूचे लाकूड सरकवून मला बसायला जागा करून दिली.

रेल्याविषयी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. अलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी महोत्सव होतात, स्पर्धा भरतात, आणि त्यात रेल्याचे पथक व्यासपीठावर चढवले जाते. समोर पाहुण्यांची आसने असल्यामुळे वर्तुळाचा अर्धचंद्र होतो, कारण पाहुण्यांकडे पाठ करणे असभ्य समजले जाते. वेळ दहा मिनिटांची असल्यामुळे उत्तर-प्रत्युत्तराची ओळ मध्येच कापली जाते. आणि साथीला ध्वनिक्षेपकावरचे तयार संगीत जोडले की पावलांचा नाद ऐकूच येत नाही. पोरांना आपल्या नृत्याचा अभिमान वाटतो, बक्षिसे मिळतात, हा लाभ खरा आहे आणि तो मी कमी लेखीत नाही. मात्र त्या अर्धचंद्रात परक्या माणसाला शिरण्यासाठी जागा उरत नाही. संयोजकांनी व्यासपीठाचा हट्ट सोडून मैदानात रिंगण आखले आणि पाहुण्यांना आसनांवरून उठवून त्यात घेतले, तर खर्च कमी होईल आणि दोन्ही पक्षांची भेटही होईल.

ज्यांना हे अनुभवायचे आहे त्यांनी दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंत केव्हाही निघावे. वडसा, नागभीड, सिंदेवाही ही सर्व स्थानके गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहेत आणि नाटकाच्या जाहिराती चहाच्या टपऱ्यांवर लागलेल्या असतात. ज्या गावी जाल तिथे एखाद्या घरी आधी वर्दी द्यावी, म्हणजे जेवणाची व निजण्याची सोय होते. गरम कपडे घ्यावेत. माडिया गावात जायचे असेल तर ओळखीचा माणूस सोबत असावा, गावात पाऊल ठेवताच प्रथम गायत्याला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटावे, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि रांगेत उभे राहण्याचे आमंत्रण मिळाले तर जोडे काढून जावे.